आधी नाकात काडी

आधी नाकात काडी. त्याशिवाय ग्रे स्लोन मेमोरियल हॉस्पिटलात कोणालाच प्रवेश नाही, तुम्हालाही नाही. डोळ्यांत पाणी येतं, शिंक येता येता राहते, आणि मग तुम्हाला आत सोडतात.

सप्टेंबर 2020 संपत आलाय. तुम्ही लॉस एंजेलिसच्या प्रॉस्पेक्ट स्टुडिओत आहात, ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या हॉस्पिटलावरच्या अमेरिकन मालिकेच्या सतराव्या सिझनच्या सेटवर. बाहेर कॅलिफोर्नियाचं ऊन, आत मालिकेतलं सिअ‍ॅटल, तेही एप्रिलमधलं. स्टुडिओवाले आणि कलाकार-तंत्रज्ञांच्या युनियन यांच्यात नुकताच करार झालाय. कॅमेऱ्यासमोर मास्क काढणारे आणि त्यांच्या जवळ जाणारे सगळे ‘झोन ए’मध्ये, आणि त्यांची तपासणी आठवड्यातून किमान तीनदा. नियम पाळले जातायत की नाही हे बघायला खास माणूस नेमलाय. रुग्ण खोटा, सलाइन खोटं, मॉनिटरवरची रेघ खोटी. कोविडचा संसर्ग रोखायची धडपड मात्र अस्सल.

समोर मेरेडिथ ग्रे, म्हणजे एलन पॉम्पिओ. नाकापासून हनुवटीपर्यंत झाकलेली, वर फेस शील्ड. सोळा सिझन या बाईचा चेहरा पाहून प्रेक्षक हसले-रडले, आता उरलेत फक्त डोळे. ‘कट’ म्हटलं की डॉक्टरचा मास्क उतरतो आणि नटीचा चढतो. कोणता मास्क कथेतला आणि कोणता जिवासाठी, हे थोड्या वेळाने तुम्हालाही कळेनासं होतं.

जरा मागे चला, मार्च 2020 मध्ये. शूटिंग बंद पडलंय. सोळावा सिझन पंचवीस भागांचा व्हायचा होता, तो एकविसावरच गुंडाळणार. खऱ्या डॉक्टरांना घालायला गाऊन नाहीत आणि इथे गोदामात साठा पडून आहे! तो बाहेर काढला जातोय: या मालिकेकडून गाऊन आणि हातमोजे, जोडमालिका ‘स्टेशन 19’कडून अग्निशमन दलाला सुमारे तीनशे एन-95 मास्क. नाटकातली तलवार लढाईला मागवावी, तशी वेळ.

आता लेखकांच्या बैठकीत डोकवा. मालिकेची सूत्रं क्रिस्टा वर्नॉफकडे आहेत आणि साथ दाखवावी की टाळावी, याबद्दल तिचं मन सुरुवातीला टाळण्याकडेच होतं. लोक दिवसभर तेच भोगतायत, रात्री करमणुकीलाही तेच कशाला? पण दरवर्षी इथे खरे डॉक्टर येऊन आपले अनुभव सांगतात. एरवी गमतीचे, चमत्कारिक किस्से असतात. या वर्षी ते बोलायला लागले की बोलता बोलता कोसळतात. मग टाळायचं कसं?

अडचण आणखी एक आहे. ही सर्जनांची मालिका. पोट उघडलं, गाठ काढली, टाके घातले, नातेवाइकांना गोड बातमी दिली, की भाग संपला. विषाणूला चाकू लावणार कुठे? मेरेडिथ वॉर्डात उभी आहे, माणसं जातायत, आणि तिच्या हातात करण्यासारखं फार काही नाही. मला विचाराल तर सिझनच्या पहिल्या दोन भागांचा खरा कस इथे आहे. मधूनमधून आगीत भाजलेली मुलं येतात, कथा साथीच्या आधीच्या दिवसांत उगाच उड्या मारते, प्रेमप्रकरणं तर सुटतच नाहीत. जुनी खोड. पण मेरेडिथचे ते थकलेले डोळे परत दिसले की बाकीचं माफ करावंसं वाटतं.

मग समुद्रकिनारा. मेरेडिथ हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कोसळते आणि जागी होते ती वाळूवर, आणि दूर उभा असतो डेरेक, तिचा नवरा, 2015 मध्ये मालिकेत मेलेला. डेरेक साकारणारा पॅट्रिक डेम्प्सी परत आलाय हे गुपित सगळ्यांनी पोटात ठेवलंय. स्वप्न आहे, पण हिशोबही पक्का आहे. मोकळी हवा, दोन माणसांत भरपूर अंतर, मास्कची गरज नाही. साथीने कलाकारांवर घातलेली बंधनंच लेखकांनी कथेत मुरवली.

शेवटची उडी 12 नोव्हेंबर 2020, गुरुवार रात्र. एबीसी वाहिनीवर लागोपाठ दोन भाग. डेरेक दिसतो आणि सोफ्यावरची मंडळी किंचाळतात. अकरा वाजता बातम्या लागतात. पडद्यावर आत्ता जो एप्रिल चालला होता, त्यात अमेरिकेत रोज तीसेक हजार नवे रुग्ण सापडत होते. आज आकडा दीड लाखाच्या घरात आहे. साथीवरची मालिका साथीच्याच मागे पडलीय. सोमवारी फायझरने लस नव्वद टक्क्यांहून अधिक परिणामकारक असल्याचं जाहीर केलं, पण दंडावर टोचून घ्यायला ती अजून कोणाला मिळत नाही.

शेजारी बसलेली बाई तुम्हाला विचारते, मेरेडिथ जगेल ना? तुम्हाला उत्तर माहीत आहे. हिवाळ्यात या देशात काय होणार, तेही माहीत आहे. तिने विचारलंय फक्त मेरेडिथचं. पुढचा भाग पुढच्या गुरुवारी आहे, एवढंच तुम्ही सांगता.