खटला संपला, मग पिस्तुलाचं काय?

आजचा एपिसोड बंदुकीवर आहे, पण गोळी सुटून गेल्यानंतरच्या बंदुकीवर.

३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला हाउसच्या बागेत नथुराम गोडसेनं गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. पिस्तूल इटलीचं, बेरेटा, नंबर ६०६८२४. त्या क्षणापासून ते झालं ‘मुद्देमाल’. पंचनामा, लाखेचं सील, रजिस्टरात नोंद, मग मालखाना. नंबर इतका जपायचा काहून? कारण जप्त केलेलं हत्यार आणि कोर्टात दाखवलेलं हत्यार एकच आहे, हे प्रत्येक टप्प्यावर दिसावं लागतं. मधली एक नोंद गायब असली की बचावाचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो.

लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयानं फेब्रुवारी १९४९ मध्ये निकाल दिला. ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या मदतीनं हे पिस्तूल मिळालं, असं धरून त्यांनाही शिक्षा झाली. पुढे अपील सिमल्यात चाललं आणि जूनमध्ये हायकोर्टानं परचुऱ्यांना सोडून दिलं. म्हणजे चार महिन्यांत त्याच पिस्तुलाची कहाणी बदलली! पहिल्या निकालानंतर लगेच ते वितळवून टाकलं असतं तर?

म्हणून कायदा थांबायला लावतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४५२ होतं, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४९८ आहे. खटला संपला की कोर्ट ठरवतं: नष्ट करा, सरकारजमा करा, नाहीतर हक्काच्या माणसाला परत द्या. पण दोन महिने अंमल नाही, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत नाही.

आपल्या अकोल्याची गंमत वेगळीच. १९०२ च्या करारानंतरही वऱ्हाड कागदावर निजामाचंच होतं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं आपोआप लागू होत नसत, वेगळा हुकूम काढावा लागे. १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमानं ते एकगठ्ठा लागू केले. आज जवळपास सगळ्या देशाला एकच संहिता आहे.

अमेरिकेत मात्र राज्यागणिक कायदा. केंटकीत जप्त बंदुका पोलीस लिलावात परवानाधारक विक्रेत्यांना विकतात. एप्रिल २०२३ मध्ये लुइव्हिलच्या बँकेत पाच जणांचा जीव गेला, तेव्हा ती रायफलही याच कायद्यानं लिलावात जाऊ शकते म्हणून महापौर जाहीरपणे संतापले होते. बाप्पा! ज्या बंदुकीनं माणसं मारली, तीच परत दुकानात. मला हे पटत नाही.

आपला प्रश्न उलटा, मालखाने भरून वाहतात. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, वस्तू वर्षानुवर्षं ठाण्यात सडवू नका, फोटो आणि पंचनामा करून निकाली काढा. नव्या संहितेत त्यासाठी फोटो-व्हिडिओ आणि दिवसांची मुदतही आली. मोटरसायकलला हे ठीक आहे. पण पिस्तुलाच्या नळीतल्या बारीक खुणा फोटोत उतरत नाहीत. गोळी पुन्हा जुळवून बघायची वेळ आली, तर नळीच हातात लागते.