भय, सक्ती आणि विश्वास : प्लेगची लस मुंबईच्या गळी कशी उतरली?

१/८
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर भयग्रस्त झाले. तरीही लोक रुग्ण लपवू लागले. असे का घडले?

२/८
उत्तर ‘अज्ञान’ या एका शब्दात देण्याची सवय जुनी आहे. पण ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, तो भय नव्हते म्हणून नव्हे. प्लेगहून रुग्णालयाचे भय मोठे होते. तेथे आप्तांची ताटातूट होई, जातिनियम मोडत आणि परतणारे थोडे असत.

३/८
फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. सक्ती वाढली, घरझडत्या वाढल्या. पुण्यात त्याची परिणती २२ जून रोजी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली.

४/८
याच काळात दुसरा मार्गही चोखाळला जात होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करणाऱ्या डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

५/८
खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान तिसरे यांनीही अनुयायांसमक्ष लस घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी जागा दिली. जो शब्द सरकारी फर्मानाला लाभला नाही, तो आपल्या माणसाच्या दंडाला लाभला.

६/८
या अनुभवाला शास्त्रीय चौकट मिळाली ती १९५० च्या दशकात, अमेरिकेत. क्षयरोगाची तपासणी मोफत असूनही लोक येईनात. होखबाउम, रोझेनस्टॉक प्रभृती मानसशास्त्रज्ञांनी कारणे शोधली. माणूस मनात हिशेब मांडतो : मला हा रोग होईल का? तो किती गंभीर? उपायाचा लाभ किती, अडथळे किती?

७/८
१९६५ मध्ये येल विद्यापीठात लेव्हेंथल व सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पुस्तिका दिल्या. भयावह मजकुराने मते बदलली; पण केवळ त्याने लस घेणारे वाढले नाहीत. ज्यांना दवाखान्याचा नकाशा देऊन कधी जाणार हे ठरवायला सांगितले, त्यांपैकी सुमारे २८ टक्के गेले. इतरांपैकी जेमतेम ३ टक्के.

८/८
म्हणून आरोग्यप्रचाराने आधी विचारावे : लोकांच्या वाटेत नेमके काय आडवे येते? आणि आपण इतिहासाच्या वाचकांनी, जुन्या अहवालात ‘अडाणी जनता’ हे शब्द दिसताच थांबावे. ती जनता हिशेब करत होती. तिच्या हिशेबातील रुग्णालयाचा रकाना अहवाल लिहिणाऱ्याने वाचलाच नव्हता.