चिऱ्याची माती, ब्लॉकची धूळ

भिंतीवर बोलणार आहे असं सांगितलं तेव्हा एका मित्राने विचारलं, कवीने भिंतीवर काय बोलायचं? खरं म्हणजे भिंतीवरही नाही, भिंत बांधताना जे उडतं त्यावर मला बोलायचं आहे. पण सुरुवात भिंतीपासूनच करावी लागेल.

आमच्या घरामागे उतार आहे. सिंधुदुर्गात सपाट जागेवर घर असणं हे नशीबच. बाकीच्यांनी डोंगर थोडा खणायचा, निघालेली माती खालच्या अंगाला भरायची आणि मधल्या पट्टीत घर बांधायचं. मागे जो कापलेला उभा भाग राहतो त्याला टेकू म्हणून भिंत लागते. माझ्या आजोबांनी ती चिऱ्यांची घातली होती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता चिऱ्यावर चिरा. तिच्या वरच्या अंगाला अबोली, जास्वंद आणि एक हापूसचं कलम होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी भिंतीचा मधला भाग पोटाशी फुगला आणि एका रात्री खाली बसला. कलमही तिच्याबरोबर गेलं. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचं तळीये ज्याने वर्तमानपत्रातून पाहिलं आहे, तो घरामागचा उतार उघडा ठेवून झोपू शकत नाही. गेल्या एप्रिलमध्ये भिंत नव्याने बांधायला घेतली. चिऱ्याचा दर आणि गाडीभाडं ऐकून मात्र मी काँक्रीटच्या ब्लॉकवर आलो.

आमचा जांभा हा जगाच्या इतिहासात नाव असलेला दगड आहे, हे कोकणातल्या माणसाला फारसं कुणी सांगत नाही. टिपूच्या पाडावानंतर गव्हर्नर जनरल वेलस्लीने फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरला म्हैसूर, कानडा आणि मलबारच्या पाहणीला पाठवलं. १८०० साली केरळात अंगाडीपुरम इथे त्याने लोकांना जमिनीतून हा दगड विटांसारखा कापून काढताना पाहिलं. जमिनीत असतो तोवर तो लोखंडी हत्याराने कापता येतो, बाहेर काढून हवेवर ठेवला की घट्ट होतो. तिथले लोक त्याला 'विटेचा दगड' याच अर्थाच्या नावाने ओळखत. बुकाननने १८०७ साली छापलेल्या ग्रंथात त्याला लॅटिनमधल्या वीट या शब्दावरून 'लॅटेराइट' म्हटलं आणि जगभरच्या भूगर्भशास्त्राने तो शब्द घेतला. अंगाडीपुरमला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९७९ मध्ये तसा स्मृतिलेख बसवला आहे. म्हणजे साहेबाने नाव दिलं असं आपण म्हणतो खरं, पण ते खाणीतल्या मजुरांच्याच शब्दाचं भाषांतर होतं.

जांभा होतो कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते, म्हणजे वाळूचं मूळ द्रव्य. लाखो वर्षं पाऊस आणि ऊन यांचा मारा झाला की ती हळूहळू विरघळून वाहून जाते. मागे उरतं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. तांबडा रंग तो त्या लोहाचा. आपला दगड म्हणजे पावसाने सिलिका धुऊन नेलेला दगड. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजोबांची भिंत पडली ती चिऱ्याच्या दोषाने नाही. बिनचुन्याच्या गडग्यातून पाणी फटीफटीतून निघून जातं. आम्हीच मधल्या काळात ती 'व्यवस्थित दिसावी' म्हणून पुढून सिमेंटचा गिलावा मारला होता. पाणी कोंडलं. हे शहाणपण मला भिंत पडल्यावर सुचलं, पण जगाला ते अडीचशे वर्षांपूर्वीच सुचलं होतं. शाळेत विजेच्या धड्यात ज्याचं नाव येतं तो फ्रेंच माणूस कूलोंब मुळात लष्करी अभियंता. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याने आयुष्याची आठ वर्षं आणि तब्येत घालवली. परत आल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. मातीला टेकू देणारी भिंत किती जाड हवी, हा त्यातला एक प्रश्न होता. भिंतीमागची माती एका तिरप्या रेषेवर तुटते आणि तो पाचरीसारखा तुकडा भिंतीला ढकलतो, त्याचं गणित त्याने मांडलं. त्या पाचरीत पाणी साठलं की मातीबरोबर पाण्याचाही दाब भिंतीवर येतो. म्हणून भिंतीमागे खडी भरायची आणि तळाशी पाणी बाहेर जायला नळ्या सोडायच्या. आमच्या गवंड्याने नळ्या तीनच पुरेत असं ठरवलं होतं, मी हट्टाने सहा करून घेतल्या. या कामात माझं एवढंच योगदान.

ब्लॉकची गोष्ट त्यामानाने कालची. लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये 'पोर्टलँड' सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९०४ साली मद्रासला सिमेंट करून पाहिलं गेलं, १९१४ मध्ये पोरबंदरचा कारखाना सुरू झाला. अमेरिकेत हार्मन पामर याने १९०० साली पोकळ ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि थोड्याच वर्षांत तिथे टपालाने यंत्र मागवून लोक घरच्या अंगणात ब्लॉक पाडू लागले. आमच्या गावात सिमेंट हे माझ्या लहानपणी परमिटवर मिळणारी चीज होती. अब्बा एका गोणीसाठी तालुक्याला तीन तीन खेपा घालत. १९८२ मध्ये नियंत्रण सैल झालं, १९८९ मध्ये पुरतं उठलं, आणि मग बघता बघता चिरेबंदी हा शब्द घरांपेक्षा नाटकाच्या जाहिरातीतच जास्त दिसू लागला.

आता कापण्याकडे येतो. ब्लॉक सोळा इंच लांब. भिंत टिकायची तर एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येता कामा नये, म्हणून एक थर सोडून प्रत्येक थर अर्ध्या ब्लॉकने सुरू करायचा. शिवाय आमची भिंत सरळ नाही, विहिरीकडे वळते. तिथे ब्लॉक तिरपे कापावे लागतात. नळीच्या जागी खाच पाडावी लागते. चिऱ्याच्या काळात गवंडी हातातल्या हत्याराने चिरा तासत असे, तांबडा भुगा पायाशी पडत असे, आणि आजी तो गोळा करून अबोलीच्या बुडात घालत असे. आता ग्राइंडर. हे हातात धरायचं चक्रीयंत्र जर्मनीत १९५४ साली बाजारात आलं. छिन्नीला पाच-दहा मिनिटं लागतात तिथे ते अर्ध्या मिनिटात काम संपवतं.

ग्राइंडर चालवायला गवंड्याने विजापूरकडचा एक पोरगा आणला होता. असेल वीस-बावीस वर्षांचा. तोंडाला रुमाल बांधून तो बसायचा, बटण दाबायचा आणि क्षणात दिसेनासा व्हायचा. पांढरा ढग विहिरीपर्यंत जायचा. संध्याकाळी त्याच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. मी ओट्यावर पेपर वाचत बसलेलो. पहिल्या दिवशी मला धुळीचा त्रास झाला म्हणून मी खुर्ची घेऊन आत गेलो आणि खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी आत, तो बाहेर.

तिसऱ्या दिवशी पाणी द्यायला गेलो तेव्हा तो खोकत होता. गवंडी म्हणाला, "ह्यां रोजचाच आसा, चाचा. काय होणा नाय."

होतं. आणि होतं हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. अॅग्रिकोला या जर्मन पंडिताचा खाणींवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १५५६ साली, छापला गेला. त्यात त्याने कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या गावांत सात-सात नवरे झालेल्या बायकांची नोंद केली आहे. सगळे नवरे धुळीने गेलेले. इटलीतल्या रामात्सिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात दगड घडवणाऱ्यांचा खोकला आणि दमा आहे. उट्रेक्टच्या एका शरीरशास्त्रज्ञाला अशा कामगारांची फुप्फुसं चिरताना वाळूच्या ढिगातून सुरी जाते आहे असं वाटलं होतं, तोही दाखला त्याने दिला आहे. या रोगाला पुढे 'सिलिकोसिस' हे नाव पडलं.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते. खरी वैरीण न दिसणारी. तिचा कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक. तो फुप्फुसाच्या तळाशी जातो, तिथे विरघळत नाही, त्याच्याभोवती व्रण धरतो, आणि फुप्फुस हळूहळू कातडीसारखं घट्ट होतं. रुमाल त्याला अडवत नाही. रोग बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी दिसतो, फार धूळ गेली तर दोन-तीन वर्षांतही. उपाय नाही. क्षय समजून वर्षानुवर्षं भलतंच औषध दिलं जातं, ते वेगळं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९३० मध्ये एक बोगदा खणायला घेतला. खडक जवळजवळ शुद्ध सिलिकेचा. पाणी मारत छिद्रं पाडायला वेळ लागतो म्हणून कोरडीच पाडली. मजूर बहुतेक कृष्णवर्णीय, काम शोधत दुरून आलेले. नंतरच्या संशोधनाने मृतांचा आकडा सातशेच्या वर नेला. १९३६ साली तिथल्या संसदेच्या समितीपुढे साक्षी झाल्या. बोगदा मात्र वेळेच्या आत पुरा झाला होता.

पण एवढ्या लांब कशाला जायचं. मी ज्या पेन्सिलीने पाटीवर पहिला 'अ' काढला, ती दगडी पेन्सिल. देशभरच्या पोरांच्या अशा पेन्सिली मध्य प्रदेशातल्या मंदसौरकडे कापल्या जात. तिथली पाटीची खाणच सिलिकेने भरलेली, आणि कापायला विजेची चक्री. ऐन तरुण माणसं धापा टाकत गेली. पुढे त्या राज्याला खास या कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा करावा लागला. हे मी चाळिशीत कुठेतरी वाचलं. तोवर माझे तीन कवितासंग्रह झाले होते आणि अक्षरांवर मी बरंच काही लिहून बसलो होतो. पेन्सिल कोण कापतं, हे एका ओळीतही आलेलं नव्हतं.

आता ते मघाचं वाक्य. पावसाने लाखो वर्षं खपून जांभ्यातली सिलिका काढून टाकली. आपण ब्लॉक करताना वाळूच्या रूपाने ती परत घालतो. आमच्याच जिल्ह्यात कासार्डे-फोंडा पट्ट्यात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. माझ्या ब्लॉकमध्ये कुठली वाळू होती आणि कुठली राख, ते ब्लॉककडे बघून सांगता येत नाही. चिऱ्याची धूळ अमृत होती असं माझं म्हणणं नाही, तीही छातीत जाऊ नयेच. पण तासताना उडणारा जाड भुगा आणि चक्रीने केलेलं पीठ यांत फरक आहे.

कायद्याकडे पाहिलं तर आमची बाग त्याच्या कुंपणाबाहेर. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यातून स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम वगळलेलं होतं. म्हणजे मालक मीच आणि निरीक्षकही मीच. आणि निरीक्षक खिडकी लावून आत बसला होता.

त्या दुपारी काम थांबवलं. ब्लॉकवर पाणी सोडत कापलं की धूळ बरीचशी जागीच बसते, पण साध्या ग्राइंडरवर पाणी म्हणजे विजेच्या धक्क्याला आमंत्रण. पाण्याची सोय असलेलं यंत्र गवंड्याकडे नव्हतं. मग ब्लॉकवाल्याला फोन केला तर तो सहज म्हणाला, अर्धे ब्लॉक तयारच असतात की, मागितले असते तर पहिल्याच गाडीत दिले असते. निम्म्याहून जास्त कापाकापी तिथेच संपली. उरले वळणावरचे चाळीसेक. ते छिन्नीने करायचं ठरलं. ब्लॉक भिजवायचा, चारी बाजूंनी रेघ ओढायची, रेघेवर छिन्नी बारीक बारीक मारत फिरवायची आणि मग एक टोला. पोराला ते येत नव्हतं. गवंड्याने शिकवलं. पहिले पाच-सहा वेडेवाकडे फुटले.

काम अंगावर दिलेलं होतं, त्यामुळे गवंडी कुरकुरला. त्याचंही चूक नव्हतं, छिन्नीने दोन दिवस वाढणार होते आणि ते त्याच्या खिशातून जाणार होते. दोघांचा दोन दिवसांचा रोज मी वरून दिला. हापूसच्या दोन पेट्यांएवढेही पैसे झाले नाहीत.

भिंत मेअखेर पुरी झाली. वळणावरचे ब्लॉक जवळून पाहिले तर खडबडीत दिसतात, बायकोला ते आवडलेले नाहीत. पहिल्या पावसात सहाही नळ्यांतून आधी राखी पाणी आलं, मग तांबडं. पोरगा त्याआधीच देवगडकडे दुसऱ्या कामावर गेला होता. जाताना छिन्नी मागून घेतली. तिथे त्याच्या हातात छिन्नी आहे की ग्राइंडर, हे गवंड्याला विचारायचं अजून राहून गेलं आहे.