दुसरा फराळ

डालडाचा मोठा डबा मधोमध कापायचा, कडा हातोडीनं आत ठोकायच्या आणि बुडावर खिळ्यानं आपलं आडनाव कोरायचं. वडिलांनी असे सहा डबे करून ठेवले होते. वर्षभर ते माळ्यावर पडून असत आणि डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला खाली उतरत. साताऱ्यात तेव्हा आमच्या ओळखीत कुणाच्याच घरी ओव्हन नव्हता. केक बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायचा, आणि डबे राखायला मला बसवायचं.

आदल्या रात्री आई आणि आत्या परातीत अंडी-साखर फेसत. साखर रेशनवरची, म्हणून जवळजवळ दोन महिने चहा गुळाचा. मैदा कमी, रवा जास्त, वेलदोडा, जायफळ, आणि आत्याचा हात सैल असला तर चारोळी. सकाळचे पाव निघाले की भट्टीतला विस्तव ओढून काढत आणि उरलेल्या धगीवर घरोघरचे डबे आत जात. भट्टीवरच्या माणसाला सगळे उस्ताद म्हणायचे. लांब दांड्याच्या फळीवर डबे चढवून तो ते पार आतल्या कोपऱ्यात सरकवी, आणि तास-दीड तासानं खराट्याची काडी खुपसून बघी. काडी कोरडी निघाली की डबा बाहेर. बुडं काळी व्हायची, पण कोरलेलं नाव बोटानं चाचपता यायचं. एका वर्षी आमच्या डब्यांत दुसऱ्याच कुणाचा एक डबा आला. त्यात बेदाणे होते. तो परत करायला आई मलाच घेऊन गेली; वाटेत दोन बेदाणे कमी झाले ते तिला कळलं असणारच.

केक हा मात्र नाताळचा मुख्य पदार्थ नव्हेच. मुख्य होता फराळ. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, कडबोळी, रव्याचे लाडू. म्हणजे दिवाळीत शेजारून आलेल्या ताटात जे जे होतं ते सगळं. आई त्याला ‘दुसरा फराळ’ म्हणे. गल्लीतला पहिला फराळ दिवाळीचा, तो शेजाऱ्यांचा. दीड-दोन महिन्यांनी दुसरा, तो आमचा. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम होता. दिवाळीत आई त्यावर पेरू नाहीतर वाटीभर साखर ठेवून परत करी, पण तिच्या लेखी खरी परतफेड डिसेंबरातच व्हायची.

पलीकडच्या काकू ताट घेताना दारातच विचारायच्या, “अंडं कशाकशात आहे?”

“फक्त केकात, काकू. करंज्या तुमच्यासारख्याच.”

“मग केक वेगळ्या कागदात दे हो. ह्यांच्या दृष्टीस नको पडायला.”

तो कागद त्या फडताळात तांदळाच्या डब्यामागं ठेवत. आजी सांगायची की तिच्या लहानपणी ताट उंबरठ्यावरूनच परत यायचं, फार तर केळी आणि पेरू ठेवून घेत. त्यामानानं तांदळाच्या डब्यामागची जागा बरीच म्हणायची.

आमचा नाताळ साहेबांनी दिला अशी समजूत अजून आहे. माझ्या शाळेतल्या मुलींची होती, पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा सहकाऱ्यांचीही. खरी गोष्ट उलटी आहे. साताऱ्यात ज्या अमेरिकन मराठी मिशननं काम केलं, तिचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांतला गॉर्डन हॉल मॅसॅच्युसेट्सचा, आणि त्या प्रांताच्या जुन्या प्युरिटन मंडळींना नाताळ मान्यच नव्हता. पवित्र शास्त्रात हा सण सांगितलेला नाही, तो माणसांनी काढलेला, असं त्यांचं म्हणणं. 1659 साली तिथं कायदाच झाला होता: नाताळ पाळताना सापडेल त्याला पाच शिलिंग दंड. 1681 मध्ये तो उठला, पण 25 डिसेंबरला सरकारी सुट्टी मिळायला 1856 उजाडलं. मिरजेकडचं, म्हणजे आईच्या माहेरचं, मिशन प्रेस्बिटेरियन. त्या पंथाचं मूळ घर स्कॉटलंड, आणि तिथं नाताळची सार्वजनिक सुट्टी आली 1958 मध्ये. म्हणजे मी एक वर्षाची असताना! आमच्या पणजोबांना ज्यांनी बाप्तिस्मा दिला, त्यांच्या आज्यांच्या घरी कदाचित त्या दिवशी नेहमीसारखी चूल पेटून नेहमीचंच जेवण होत असेल.

‘नाताळ’ हा शब्दही इंग्रजी नव्हे. तो पोर्तुगिजांकडून आला आणि प्रॉटेस्टंट असूनही आम्ही तोच वापरला. पदार्थ दिवाळीचे. कंदीलही दिवाळीचाच, फक्त पाच टोकांचा. वडील बांबूच्या कामट्या सोलत, सुतळीनं सांगाडा बांधत आणि त्यावर पतंगाचा कागद कणकेच्या खळीनं चिकटवत. एक टोक दर वर्षी वाकडं यायचं. मग ते भिंतीकडं फिरवून कंदील टांगायचा.

आणि गाणी? ती कुठून आली हे सांगायला आजोबा लागत. उपासना संगीताच्या आमच्या पुस्तकात इंग्रजी गीतांची भाषांतरं भरपूर होती. रविवारी ती आम्ही पायपेटीवर नीट उभं राहून गायचो. पण नाताळच्या रात्री गाणी म्हणत फिरताना त्यांतलं एकही कुणी सुरू करत नसे. तेव्हा अभंग, पद, ओवी, ढोलकी आणि झांजा. या सगळ्याचं श्रेय आजोबा एका माणसाला देत, ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, आणि तेव्हापासून त्यांचा हट्ट हा की मराठी माणसाला ख्रिस्त मराठी भजनातूनच भेटला पाहिजे. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि ते साताऱ्यात येऊन राहिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळेच ख्रिस्तभक्त जिथं एकत्र बसतील असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी इथूनच मांडला. पुढं दोन वर्षांत, मे 1919 मध्ये, ते मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आमच्या घरी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ इतक्यांदा वाचलं गेलं की त्याचा कणा उसवला होता आणि तो बाप्तिस्म्याच्या झग्यातल्या उरलेल्या कापडानं शिवला होता.

टिळक साताऱ्यात होते तेव्हा आजोबा दहा-अकरा वर्षांचे. टिळकांचं भजन आपण ऐकलं, असं ते सांगत. एका वर्षी ते भजन देवळात झालेलं असे (चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू), पुढच्या वर्षी झाडाखाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी टिळकांनी खुद्द आजोबांच्या हातात टाळ दिलेले असत. आजी ताट पुसत म्हणायची, “आता पुढच्या नाताळला तुम्हीच गाणार बहुतेक.”

नाताळच्या नाटकात मी तीन वर्षं मेंढपाळ होते. माण-खटावकडचे धनगर हिवाळ्यात मेंढरं घेऊन साताऱ्याच्या आसपास उतरत. त्यांच्यापैकी एकाकडून पाळकसाहेब खरी घोंगडी आणत. ती मानेला अशी टोचायची की देवदूतानं ‘भिऊ नका’ म्हणेपर्यंत आम्ही सगळे खाजवत असू. आमच्या संडे स्कूलच्या बाईंनी संवाद शुद्ध भाषेत लिहून दिले होते, पण अंगावर घोंगडं आलं की तोंडातून आपोआप माणदेशी निघायचं. “आरं, त्यो उजेड कसला?” एवढं म्हटलं की देऊळ हसायचं. बेथलेहेम मला कितीतरी वर्षं म्हसवडच्या पलीकडं कुठंतरी वाटत होतं.

एक नाताळ साताऱ्यात, एक मिरजेत, असा आईनं लग्नातच करार केला होता म्हणे. मिरज तिचं माहेर. पाळी मिरजेची असली की डबे एसटीच्या टपावर जात. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, आणि मग सांगलीवाडी संपता संपता आयर्विन पूल. हा कृष्णेवरचा पूल 1929 चा, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. तो आला की आई केसांवरून हात फिरवून पदर नीट करायची. तिचं माहेर तिथून सुरू व्हायचं. सांगलीतून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागे. तिथं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं, आणि तेवढा वेळ आम्ही पोरं उगाचच श्वास रोखून धरत असू.

डॉक्टर विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, आधी सांगलीत होते, मग मिरजेला गेले. तिथल्या संस्थानिकांनी जागा दिली आणि 1894 मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. माझी मावशी तिथं नर्स. तिथल्या देवळातली निम्मी माणसं या ना त्या नात्यानं हॉस्पिटलचीच होती: कुणी कंपाउंडर, कुणी वॉर्डबॉय, कुणी धोबीखात्यात. त्यामुळं मिरजेचा नाताळ ड्यूटीच्या वेळापत्रकावर चाले. बाराची उपासना, तर रात्रपाळीवाल्यांची वेगळी. जेवणाची पंगत दोनदा.

पहाटे नर्सा हातात मेणबत्त्या घेऊन वॉर्डावॉर्डांतून गात जायच्या. मावशीनं एकदा मला बरोबर नेलं. पांढरी साडी, मेणबत्तीखाली पुठ्ठ्याची गोल चकती, म्हणजे मेण हातावर गळत नाही. एक गाणं मराठी, दुसरं कानडी, कारण पेशंट निम्मे पलीकडच्या कर्नाटकातले. एक मल्याळी, ते केरळच्या मुलींचं. ऑपरेशन झालेला एक म्हातारा गाणं संपल्यावर म्हणाला, “काकडआरती लवकर झाली की आज.” मावशी म्हणाली, “होय बाबा, आज लवकर.” तिनं त्याची उशी सारखी केली आणि आम्ही पुढच्या वॉर्डात गेलो.

मिरज तंतुवाद्यांचं गाव. मामा देवळातला तंबोरा दर डिसेंबरला सतारमेकरांकडं जवारी काढायला नेई. तिथं भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि मांडीवर तंबोरा घेऊन घोडी घासणारा कारागीर. त्याला आमच्या सणाची तारीख मामापेक्षा आधी आठवायची. तंबोरा नाताळच्या आत तयार ठेवू, असं तो आपण होऊन सांगायचा.

1967 साली पाळी मिरजेचीच होती. 11 डिसेंबरला, सोमवारी पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. साताऱ्यात आमच्या घराच्या आडव्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. भांड्यांची मांडणी पालथी झाली आणि ते सहा डबे माळ्यावरून आपणच खाली आले. नंतर कित्येक दिवस धक्के येत राहिले. गल्ली रस्त्यावर झोपायला लागली: आम्ही, काकू, काकूंचे ‘हे’, सगळे एका रांगेत, चादरी लावलेल्या खाटांवर. थंडी मरणाची. आजोबा घर सोडायला तयार होईनात, म्हणून मिरजेचं जाणं रद्द झालं. आई त्यावर काही बोलली नाही, पण सबंध आठवडा तिनं आजोबांना चहा आत्याच्या हातूनच पाठवला.

नाताळही सोमवारीच आला. बेकरीच्या भट्टीला चीर गेली होती, तेव्हा केक भाजायचा कुठं? आत्यानं मोठ्या पातेल्यात नदीची वाळू घातली, त्यात एक डबा ठेवला, वर झाकण, झाकणावर निखारे, आणि ही सगळी मांडामांड भर रस्त्यात, विटांच्या चुलीवर. आत्तापर्यंत कागदात लपवलेला तो पदार्थ त्या दिवशी काकूंच्या ‘ह्यां’च्या खाटेपासून पाच हातांवर शिजत होता. ते मधूनमधून वर्तमानपत्र खाली करून बघत. शेवटी म्हणाले, “वहिनी, वास करपल्याचा येतोय.”

आत्या धावली. खालचा बोटभर थर कोळसा झाला होता. वरचा तिनं सुरीनं सोडवला.

पहाटेची उपासना देवळाबाहेर, अंगणात सतरंजीवर झाली. दुसऱ्या पदाच्या मध्यावर जमीन हलली. पेट्रोमॅक्स हेलकावला, कुणाचं तरी बाळ रडलं, दोघं-तिघं उठून उभे राहिले. ढोलकीवाल्या काकांनी ठेका सोडला नाही, फक्त किंचित जलद केला. आजोबा डोळे मिटूनच गात होते. धक्का बसलाच नाही, असं ते पुढं शेवटपर्यंत म्हणत राहिले.

घरी आलो तेव्हा काकूंचे ‘हे’ खाटेवर बसून कागदातला केक खात होते, कागद मांडीवर नीट पसरून, चुरा पडू नये म्हणून. काकू आत गेल्या होत्या, भेगेला पोत्याचा बोळा लावायला.