बाळापूरचा विटांचा दरवाजा आणि त्यालगतची देवडी

इतिहास म्हटला की आपल्याला राजे-नवाब आठवतात. भिंत कुणी रचली हे कुणी विचारत नाही. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही मुद्दाम भिंतीबद्दलच लिहीत आहोत.

1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत आसेगाव आणि बाळापूर हे दोन्ही अकोला जिल्ह्यातच होते. त्यामुळे बाळापूरचा किल्ला आपल्याला परका नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर तो उभा आहे. अचलपूरचा नवाब इस्माईल खान याने तो 1757 साली पुरा केला, अशी नोंद 1910 च्या अकोला जिल्हा गॅझेटियरात सापडते.

डोंगरी किल्ले दगडाचे, हा मात्र विटांचा. आम्हाला याचे कारण जमिनीतच दिसते. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची माती खोलवर आहे. माती पायाखालीच, पाणी नदीचे. मग वीट थापायला काय हरकत?

किल्ल्यात शिरताना एकात एक असे तीन दरवाजे लागतात. शत्रू एक दार फोडून आत आला, तरी पुढचे दार आणि वरच्या जंग्या त्याची वाट पाहतच असणार! जुन्या दरवाजांच्या आतल्या अंगाला देवड्या असतात. देवडी म्हणजे पहारेकऱ्याचे घरच म्हणा ना! उंच ओटा, वर कमान, दिवा ठेवायला कोनाडा. नवाब येई नि जाई, पण रात्रंदिवस तिथे राहायचा तो पहारेकरी.

आता कमान पाहा. आधी लाकडी साचा उभारायचा. विटा पाण्यात भिजवायच्या, नाहीतर कोरडी वीट चुन्यातले पाणी शोषून घेते. दोन्ही बाजूंनी रचत यायचे आणि माथ्यावर शेवटची वीट घट्ट बसवायची. मग साचा काढला तरी कमान पडत नाही. प्रत्येक वीट शेजारच्या विटेला धरून राहते.

हे कसब विदर्भात नवे नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनीला 1969-70 च्या उत्खननात विटांचा भव्य बौद्ध स्तूप सापडला. त्याचा व्यास सुमारे 38 मीटर. त्या विटा भाजणाऱ्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. बाळापूरलाही नाव राहिले ते नवाबाचेच.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. कुठल्याही जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंट फासू नये. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडते. मग क्षार फुलतात आणि विटेचा दर्शनी भाग झडू लागतो. डागडुजी करायची तर चुन्यानेच करावी. गावातली जुनी वेस असो की गढी, हाच नियम.

आसेगावच्या तरुणांनी मालेगाव-पातूरमार्गे एकदा बाळापूरला जरूर जावे. वाटेत पातूरची लेणीही पाहावीत. दरवाजात थोडे थांबून विटांवर हात फिरवावा. ज्यांची नावे इतिहासाने लिहिली नाहीत, त्यांचे काम तिथे आजही वाचता येते.