दुनळी खिळखिळी का होते?

काडतूस मागून भरायची, मधोमध मोडणारी बंदूक युरोपात रुजली ती पॅरिसच्या काझिमिर लफोशोमुळे. त्याची रचना १८३०च्या दशकातली. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांच्या नजरेत भरली. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून कायमची बंद असे, तिथे सैल होण्यासारखं काही नव्हतं. लफोशोने बंदुकीला सांधा दिला आणि सांध्याबरोबर झीजही आली. पुढच्या पिढ्यांनी शोधलेले बहुतेक अडसर या झिजेशी झगडण्यासाठीच होते. तरी माझं ठाम मत असं की, झटपट भरण्याच्या हौसेने त्याच लोकांनी ती वाढवलीही.

नळ्यांच्या खाली पोलादाचा एक ठोकळा असतो. त्याच्या पुढच्या टोकाचा अर्धगोल आकडा एका आडव्या खिळीवर बसतो आणि अडकित्त्याच्या पात्यासारख्या नळ्या तिच्याभोवती झुकतात. बंदूक मिटली की नळ्यांची मागची कड पोलादी भिंतीला भिडते. बार उडाला की काडतुसाचं बूड त्या भिंतीवर जोराने दाबलं जातं. हा जोर खिळीच्या बराच वर, नळीच्या रेषेत असतो. त्यामुळे भिंत क्षणभर किंचित मागे कलते आणि आकड्याला व खिळीला हिसका बसतो. असे हिसके साचत गेले की आकडा किंवा खीळ झिजते आणि नळी व भिंत यांच्यात फट पडते.

सुरुवातीच्या बंदुकांत ठोकळा धरून ठेवायला एकच खाच असे आणि ती लवकर ढिली पडे. १८५९ मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री जोन्सने दोन खाचांत फिरून बसणारी पकड काढली. तिचे उतार मळसूत्रासारखे असल्याने चापाच्या कमानीवरची लिव्हर वळवली की नळ्या खाली आवळल्या जात. थोडी झीज झाली तरी लिव्हर जरा जास्त वळे, एवढंच. पेटंट कायम राखायचं शुल्क न भरल्यामुळे ते तीन वर्षांत सुटलं आणि ही पकड सगळ्यांची झाली. हाताने वळवावी लागणारी ही लिव्हर मंद होती. पण भारतात वाघ-हत्तीच्या शिकारीला नेल्या जाणाऱ्या जड दुनळी रायफलींवर ती विसाव्या शतकातही टिकली, कारण तिथे वेगापेक्षा पकड मोलाची होती.

इंग्लंडात मात्र हाकारे घालून पक्षी उठवण्याच्या शिकारी वाढल्या आणि वेग हवासा झाला. १८६३ मध्ये जेम्स पर्डीने स्प्रिंगवर सरकणारा दुहेरी अडसर काढला. १८६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्कॉटने केलेल्या सुधारणेमुळे तो वरच्या लिव्हरला जोडता आला. नळ्या वर आणल्या की अडसर आपोआप खाचांत शिरतो. आजच्या बहुतेक आडव्या दुनळ्यांत हीच जोडी आहे. ही रचना उत्तमच. पण तिच्यामुळे एका हाताच्या झटक्याने बंदूक फाडकन मिटायची सवय लागली आणि त्या दणक्याचा मार थेट आकडा-खिळीवर बसू लागला. लिव्हर अंगठ्याने धरून, नळ्या हलकेच वर आणून, मग ती सोडावी. एवढं केलं तरी सांध्याचं आयुष्य वाढतं.

भिंत मागे कलू नये म्हणून वेस्टली रिचर्ड्सने नळ्यांच्या वरच्या पट्टीला मागे वाढीव बोंड देऊन ते भिंतीत बसवलं. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने १८६५ मध्ये त्याच जागी आडवी खिटी घातली. पुढे वर-खाली नळ्यांच्या बंदुका आल्या. लंडनच्या बॉसने १९०९ मध्ये मधली खीळ काढून दोन्ही बाजूंना टेकू दिले, तर जॉन ब्राउनिंगच्या, १९३१ मध्ये बाजारात आलेल्या सुपरपोज्डमध्ये पूर्ण रुंदीची खीळ राहिली. या प्रकारात खालची नळी सांध्याला जवळ असते, त्यामुळे तिच्या बाराचा हिसका कमी बसतो. म्हणून ती आधी उडवावी.

झिजेचं सगळ्यात दुर्लक्षित कारण मळ आहे. जुन्या ग्रीसमध्ये वाळूचे कण अडकले की ते एमरीसारखं पोलाद घासतं, आणि वरून नवं ग्रीस थापलं की घासणं चालूच राहतं. आधी आकडा आणि खीळ कोरडी पुसावी, मगच पातळसा थर द्यावा. जुन्या ६५ मिलिमीटर घराच्या बंदुकीत ७० मिलिमीटरची जड काडतुसं घालणं हा झिजेचा दुसरा राजमार्ग आहे, आणि तो धोक्याचाही आहे.

पारख करताना बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढावं, कारण ते नळ्या मागे रेटून ढिलेपणा लपवतं. मग बंदूक मिटून नळ्या हलवाव्यात आणि उजेडासमोर फट पाहावी. अडसर पाचरीसारखा असल्याने झीज वाढेल तसा तो आत सरकतो. नव्या बंदुकीत मध्यरेषेच्या उजवीकडे थांबणारी लिव्हर हळूहळू डावीकडे जाते. पण अडसर नळ्या फक्त खाली धरतो, मागे ओढत नाही. म्हणून लिव्हर घट्ट बसली तरी फट असू शकते.

आकड्याचं तोंड ठोकून पसरवणं ही फसवी दुरुस्ती आहे. ते पोलाद थोड्याच बारांत पुन्हा दबतं. खरा कारागीर जाड खीळ घालतो किंवा आकड्याला नवा तुकडा बसवतो, त्यावर काजळी धरतो, बंदूक मिटून उघडतो आणि जिथे काजळी पुसली गेली तिथेच कानस चालवतो. भिंतीवर काजळीचा ठसा सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे चालतं.