बर्म्युडा तत्त्वे

बर्म्युडा तत्त्वे हे मानवी जीनोम प्रकल्पातील डीएनए-क्रमाची माहिती (विदा) तत्काळ सर्वांसाठी खुली करण्याविषयीचे संकेत आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा येथे झालेल्या बैठकीत ते ठरले. त्यांच्या आखणीत जॉन सल्स्टन व रॉबर्ट वॉटरस्टन यांचा मोठा वाटा होता.

शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंत विदा स्वतःजवळ राखून ठेवण्याची रीत वैज्ञानिकांत रूढ होती. नव्या संकेतांनुसार एक हजार बेस-जोड्यांहून लांब जुळवलेला क्रम शक्यतो २४ तासांत जेनबँकसारख्या सार्वजनिक विदागारांतून उपलब्ध करायचा होता. निबंध लिहिण्यापूर्वीच आपले काम प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाणार, ही जोखीम संशोधकांनी पत्करली. त्यामुळे एकच काम दोन केंद्रांत होणे टळले. शिवाय क्रमांवर एकस्व (पेटंट) मिळवणेही अवघड झाले.

१९९८ मध्ये स्थापन झालेली सेलेरा ही खासगी कंपनी स्वतःची विदा शुल्क घेऊन देत असे. प्रकल्पाची खुली विदा मात्र तिलाही विनामूल्य मिळत होती आणि आपला आराखडा जुळवताना तिने ती वापरलीही. विदा निर्माण करणाऱ्यांच्या श्रेयाचा प्रश्न त्यामुळे शिल्लकच राहिला. त्यांना पहिला निबंध प्रसिद्ध करण्याची संधी मिळावी, अशी अपेक्षा २००३ मध्ये फोर्ट लॉडरडेल येथील बैठकीत नोंदवण्यात आली.